वाचलेल्यांचा हिशेब

आग लागल्याचे कळले की आपल्या तोंडून पहिल्यांदा निघते ते 'अरे देवा!' आग विझली, आपले घर शाबूत आहे हे डोळ्यांनी पाहिले, की दुसरे वाक्य निघते: 'देवाने वाचवले.' हे वाक्य मनापासून आलेले असते. त्यात ढोंग नसते आणि त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतूही नाही. पण आपल्या घराला लागून असलेले घर जळाले असेल, तर त्या घरातल्या आईने हे वाक्य कसे ऐकायचे? आपल्याला देवाने वाचवले म्हणजे तिला वाचवले नाही, असे आपण न बोलता बोलून जातो का? श्रद्धावंत माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. आपण तो बहुधा टाळतो, कारण तो विचारायचा तर त्यापुढचा प्रश्नही विचारावा लागतो: वाचलेल्या माणसाकडे जळितग्रस्ताचे काही देणे लागते का, की तो देईल ते त्याचे पुण्य?

या प्रश्नाचा विचार करताना दोन आगी डोळ्यांसमोर येतात. एक दूरच्या बेटावरची, 2023 सालची. दुसरी आपल्याच बेटावरची, 1944 सालची. मुंबई हे मुळात बेट आहे हे आपण विसरून गेलो आहोत, पण त्या दिवशी गोदीतून पळणाऱ्या माणसांना समुद्र कुठल्या बाजूला आहे हे नक्की आठवले असेल.

आधी दूरची. 8 ऑगस्ट 2023 रोजी हवाई बेटांपैकी माउई बेटावरचे लाहायना हे जुने गाव जळाले. दक्षिणेकडून दूरवरून एक चक्रीवादळ चालले होते, त्यामुळे बेटावर सोसाट्याचा वारा सुटला होता. उसाचे मळे बंद पडल्यावर त्या जमिनीवर बाहेरून आलेले गवत माजले होते, ते वाळून कोळ झाले होते. विजेच्या तारा तुटून सकाळी आग लागली. ती विझली असे वाटले आणि दुपारी ती पुन्हा भडकली. रात्रीपर्यंत गावाचा मोठा भाग नाहीसा झाला. 102 माणसे गेली, दोन हजारांहून जास्त इमारती जळाल्या. काही जण समुद्रात उतरले आणि तासन्‌तास पाण्यात राहिले म्हणून जगले. धोक्याचे भोंगे बेटावर बसवलेले होते. ते त्या दिवशी वाजलेच नाहीत.

त्या राखेत आपले एक चर्च उभे राहिले. त्याचे नाव मारिया लानाकिला, म्हणजे विजयमाता मरिया. आजूबाजूला काळी जमीन आणि मधोमध ते पांढरे चर्च, असे छायाचित्र जगभरच्या कॅथलिकांत फिरले आणि त्याखाली 'चमत्कार' असे लिहिले गेले. आनंद होणे साहजिक आहे. आपले चर्च असे उभे राहिले असते तर आपणही घंटा वाजवल्या असत्या. पण त्याच गावात वायोला नावाचे आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांचे चर्च होते, त्या मंडळीला त्याच वर्षी दोनशे वर्षे पूर्ण झाली होती. ते जळून गेले. मग त्यांची प्रार्थना कमी पडली म्हणायची का? आणि मारिया लानाकिलाच्या ज्या कुटुंबांची घरे गेली, माणसे गेली, ती तर याच चर्चमध्ये गुडघे टेकत होती. विजयमातेने भिंती राखल्या आणि लेकरे राखली नाहीत, असे कोण म्हणेल?

पुढे काय झाले तेही लक्षात घेण्यासारखे आहे. चर्च वाचले, पण भोवतालचा जळका परिसर बंद केल्यामुळे बराच काळ तिथे मिस्सा होऊ शकली नाही. लोक काही अंतरावरच्या दुसऱ्या गावातल्या लहान चॅपेलमध्ये जमू लागले. वाचलेली वास्तू कुलपात राहिली आणि जळालेला धर्मग्राम दुसरीकडे एकत्र आला. चमत्कार म्हणायचाच तर आम्ही त्या जमण्याला म्हणू.

आता आपल्या बेटाकडे येऊ. कॉटन ग्रीनहून हार्बर लाइनने दक्षिणेला निघाले की रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड आणि मग मशीद. त्याच्या पूर्वेला व्हिक्टोरिया डॉक होता. आता तो भराव टाकून बुजवलेला आहे. 14 एप्रिल 1944, शुक्रवार. त्या वर्षी पास्काचा सण 9 एप्रिलला होता, म्हणजे हा पास्का सप्ताहातला शुक्रवार. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज दोन दिवसांपूर्वी धक्क्याला लागले होते. इंग्लंडहून निघताना त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि दारूगोळा भरलेला होता, शिवाय विमाने, आणि 31 पेट्यांत सोन्याच्या 124 विटा. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक असे आणखी भरले गेले. जहाजाच्या कप्तानाने असा माल एकत्र भरण्याला हरकत घेतली होती. लढाईचे दिवस होते, जहाजांचा तुटवडा होता, हरकत बाजूला पडली.

कापूस कसा जळतो हे आपल्या वस्तीतल्या जुन्या माणसांना सांगायला नको. आपल्या वस्तीचे नावच कापसावरून पडलेले. हा बाजार आधी फोर्टात होता, मग कुलाब्याला गेला, आणि विसाव्या शतकात शिवडी-माझगावच्या भरावावर इथे आला. दाबून बांधलेली गाठ बाहेरून थंड दिसते आणि आतून तासन्‌तास धुमसत राहते. वरून कितीही पाणी ओता, ते आत पोचत नाही. फोर्ट स्टिकीनवर दुपारी दोनच्या सुमारास खालच्या भागातून धूर दिसला. बंब आले. पाण्याचा मारा सुरू झाला, पण आगीचा मूळ ठिकाणा सापडेना. जहाज बंदराबाहेर ओढून न्यावे की जागीच बुडवावे यावर अधिकारी बोलत राहिले, निर्णय कोणीच घेतला नाही. स्फोटके असलेल्या जहाजावर लाल निशाण लावायची पद्धत असते, ते लावलेले नव्हते, त्यामुळे आजूबाजूच्या धक्क्यांवर काम करणाऱ्या माणसांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत याची कल्पना नव्हती. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाचे सुमारे चार हजार टनांचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर आपटले.

त्या जहाजावरचा माल आकाशात उडाला आणि शहरावर पडला. पेटलेल्या गाठी मांडवीच्या गोदामांवर, चाळींवर, झोपड्यांवर पडल्या आणि जिथे पडल्या तिथे नवी आग लागली. सोन्याच्या विटाही उडाल्या. एक वीट स्फोटाच्या जागेपासून मैलभर अंतरावर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत आली. त्यांनी ती परत केली.

या गोष्टीत बहुतेकांना त्या गृहस्थांचा प्रामाणिकपणा दिसतो, आणि तो आहेच. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच क्षणी, एकाच जहाजातून, एका छपरावर सोने पडले आणि दुसऱ्या छपरावर पेटलेला कापूस. ज्याच्या घरी सोने पडले त्याने ते मिळवले नव्हते आणि ज्याच्या घरी आग पडली त्याने ती ओढवून घेतली नव्हती. सोने आपल्या घरात पडले एवढ्यावरून ते आपले होत नाही, हे त्या गृहस्थांना लगेच कळले. आपल्या घरावर आग पडली नाही, हेही तसेच घरात येऊन पडलेले सोने आहे. ते मात्र परत करायचे असते हे आपल्याला सुचत नाही, कारण त्याच्यावर कोणा बँकेचा शिक्का नसतो.

प्रभू येशूसमोर हा प्रश्न आला होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमच्या इतर रहिवाशांपेक्षा जास्त अपराधी होती असे तुम्हाला वाटते का, असे प्रभूने ऐकणाऱ्यांना विचारले, आणि उत्तरही दिले: नाही. मग त्याने बोलण्याचा रोख मेलेल्यांवरून काढून जिवंतांवर आणला. पश्चात्ताप कोणी करायचा? जे उभे आहेत त्यांनी. लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. फळ न देणारे झाड तोडायचे ठरलेले असते, पण माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणून खत घालतो म्हणतो. आपण हे दोन उतारे वेगवेगळे ऐकतो. एकापुढे एक ठेवून वाचले तर वाचलेल्यांना मिळालेले वर्ष कसले आहे ते समजते. ते बक्षीस म्हणून दिलेले नाही. ते फळासाठी दिलेले आहे.

पण माणसाला बुरूज का पडला याचीच जास्त उत्सुकता. 1944 साली शहरभर बोलले गेले ते जपानी हल्ल्याबद्दल. लोक गाठोडी घेऊन स्टेशनांकडे धावले. सरकारने युद्धाच्या नावाखाली बातमी दाबली. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली आणि आपल्याकडे मात्र सविस्तर छापायला मे महिना उजाडावा लागला. चौकशीत जे निघाले त्यात जपानी कुठेच नव्हते. कापसाच्या गाठींत लागलेली आग, बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटची. लाहायनाच्या वेळी बातमी दाबली गेली नाही, उलट पूर आला, आणि त्या पुरात आकाशातून किरण सोडून गाव जाळले, निळ्या वस्तू तेवढ्या वाचल्या, असल्या गोष्टी फिरल्या. शिकलेल्या माणसांनीही त्या एकमेकांना पाठवल्या. चूक कोणाची हे शोधणे आवश्यक असते, नाही तर पुढच्या वेळीही भोंगा वाजणार नाही आणि लाल निशाण लागणार नाही. पण तो शोध आणि ही गंमत यांत फरक आहे. एकात कोणाला तरी जबाबदारी घ्यावी लागते. दुसऱ्यात फक्त वेळ जातो आणि मदतीचा हात खिशातच राहतो.

वाचलेल्यांनी त्या वेळी केले ते मोठे होते, हे नि:संकोच म्हणायला हवे. सुमारे ऐंशी हजार माणसे बेघर झाली होती, हजारोंचा रोजगार एका दुपारी गेला होता. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. नंतर हजारो मजूर सुमारे सात महिने ढिगारा उपसत होते, तेव्हा कुठे गोदी पुन्हा सुरू झाली. ज्यांचे सर्वस्व गेले तेही त्या मजुरांत असतील. सरकारने जबाबदारी स्वीकारली आणि भरपाई देण्यासाठी त्याच वर्षी खास अध्यादेश काढला. पण गोदामांतले हजारो टन धान्यही जळाले होते, बंगालचा दुष्काळ होऊन वर्ष झाले नव्हते, आणि त्या तुटवड्याचा काळा बाजार करणारेही याच शहरात निघाले. सोन्याची वीट परत करणारा आणि तांदळाचे पोते दडवणारा, दोघेही वाचलेलेच.

मृतांचा आकडा पाहा. गोदीच्या निरनिराळ्या सेवांत असलेली 231 माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान. स्फोटके आहेत हे समजल्यावरही नळी सोडून न गेलेली ही माणसे. त्यांचे स्मारक भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे, आणि त्यांच्यासाठीच 14 एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. योग्यच आहे. पण या 231 च्या पुढे नागरिकांचा आकडा येतो तो 'पाचशेहून जास्त' असा. एकूण मृत किती, तर कोणी आठशेच्या आसपास म्हणते, कोणी तेराशेपर्यंत नेते.

दोनशे एकतीस आणि 'पाचशेहून जास्त' यांतला फरक काय? पहिली माणसे हजेरीपटावर होती. दुसरी नव्हती. आठशे आणि तेराशे यांच्यामध्ये पाचशे माणसे आहेत, ती मेली की नव्हतीच हेही आपल्याला सांगता येत नाही. रोजंदारीवर आलेला हमाल, गोदामाच्या पडवीत झोपणारा गाववाला, फुटपाथवर चूल मांडलेली बाई. त्यांच्यासाठी रडायला कोणी नसेल असे नाही. कोकणात किंवा घाटावर कुठल्या तरी घरी मनीऑर्डर यायची थांबली असेल आणि तेवढ्यावरून त्यांनी काय ते ओळखले असेल.

या बाबतीत लाहायनाकडून शिकण्यासारखे आहे. तिथे सुरुवातीला बेपत्ता माणसांचा आकडा हजाराच्या वर गेला होता. अधिकाऱ्यांनी एकेक नाव तपासले, 388 नावांची यादी जाहीर केली, 'मी आहे' असे म्हणत माणसे पुढे येत गेली तशी ती कमी झाली. मृतांचा आकडा 115 वर गेला होता. राखेत मिळालेल्या अवशेषांची डीएनए तपासणी झाली तेव्हा एकाच माणसाचे अवशेष दोनदा मोजले गेल्याचे लक्षात आले आणि तो 97 वर आला. नंतर आणखी भर पडून 102 झाला. आकडा कमी झाला म्हणून कोणी हसले नाही. राखेतून नाव काढून ते घरच्यांच्या हातात देणे हेसुद्धा मदतकार्य आहे. जे श्रीमंत देशाला जमले ते आपल्याला जमणार नाही, असे लगेच म्हणू नये. त्याला यंत्रे लागतात हे खरे, पण त्याआधी प्रत्येक माणूस मोजण्याजोगा आहे असे वाटावे लागते.

आणि हे फक्त मेलेल्यांपुरते नाही. झोपडपट्टीतली आग आपल्याला नवी नाही. बांद्र्याचे गरीब नगर 2011 साली जळाले, कांदिवलीचे दामू नगर 2015 साली. अशा आगीत भांडीकुंडी जातात, ती पुन्हा जमवता येतात. जाते ते रेशन कार्ड, शाळेचा दाखला, भाड्याची पावती, बँकेचे पुस्तक. दुसऱ्या दिवशी भरपाईच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला विचारले जाते की तू इथेच राहत होतास याचा पुरावा काय. पुरावा समोरच्या राखेत असतो. 1944 च्या अध्यादेशाने भरपाई दिली ती दावा करणाऱ्याला. दावा करायला कागद लागतो, कागद वाचणारा लागतो, कामावरून सुटी लागते. ज्याच्याकडे जास्त होते त्याला जास्त सिद्ध करता येते, हा भरपाईचा जुना रोग आहे, मग सरकार कोणाचेही असो.

इथे एक गोष्ट सुचते, ती अगदी साधी आहे. ज्याचे घर जळते त्या कॅथलिक कुटुंबाचा एक कागद सहसा जळत नाही: बाप्तिस्म्याच्या वहीतली नोंद. नाव, जन्मतारीख, आईबापांची नावे, सारे तिथे असते. दाखला मागायला आलेल्या माणसाला कार्यालयात तास-दीड तास बसवून ठेवण्यापूर्वी हे आठवावे. आणि हे फक्त आपल्या माणसांपुरते कशाला? शेजारच्या वस्तीतल्या कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला आपल्या कागदांच्या झेरॉक्स प्रती चर्चच्या कपाटात ठेवायच्या असतील, तर एक कपाट त्यासाठी मोकळे करायला फार खर्च येणार नाही. संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या आपल्या बंधुभगिनींनी याचा विचार करावा. आग लागण्याआधी करता येईल असे हे मदतकार्य आहे, त्यात छायाचित्र काढण्यासारखे मात्र काही नाही.

छायाचित्राचा विषय निघालाच आहे तर देण्याच्या रीतीबद्दलही बोलू. मोठी आपत्ती आली की आपल्याकडे कपाटे उघडली जातात. देणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण बटणे तुटलेला शर्ट, एकाच पायाची चप्पल, लग्नात मिळालेली आणि कधीच न नेसलेली जरीची साडी, हे जळितग्रस्ताला द्यायचे म्हणजे आपले कपाट साफ करण्याचे काम त्याच्याकडून करून घ्यायचे. देताना एकच विचारावे: हे मी आपल्या बहिणीच्या हातात दिले असते का? नसते, तर ते भंगारवाल्याला द्यावे आणि आलेले पैसे पेटीत टाकावे.

रोख दिले तर माणसे उडवतील, ही भीती आपल्यात फार आहे. लाहायनाच्या लोकांसाठी ओप्रा विन्फ्री आणि ड्वेन जॉन्सन या दोन अतिश्रीमंत कलाकारांनी मिळून एक निधी काढला, स्वतःचे एक कोटी डॉलर घातले आणि जनतेला हातभार लावायचे आवाहन केले. त्यावर लोक चिडले. तुमच्याकडे एवढे असताना आमच्याकडे कशाला मागता, असा सूर निघाला. राग समजण्यासारखा आहे. पण मंदिराच्या दानपात्रात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला प्रभूने थांबवले नव्हते, आणि श्रीमंतांनी अजून टाकायला हवे होते म्हणून तिनेही आपला हात मागे घेतला नव्हता. दुसऱ्याने किती दिले हे मोजत बसले की आपले देणे राहून जाते. त्या निधीने जे केले ते चांगले होते: जळितात घर गेलेल्या प्रत्येक प्रौढाला काही महिने दरमहा 1,200 डॉलर थेट रोख. काय घ्यायचे ते त्याचे त्याने ठरवावे. घर जळाले म्हणून माणसाची अक्कल जळत नाही.

इथे उपकार आणि देणे यांतला फरक स्पष्ट होतो. उपकार करणारा वर उभा असतो, तो देतो तेव्हा घेणाऱ्याने आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा असते, आणि तो दमला की थांबतो. देणेकऱ्याला तसे थांबता येत नाही. 26 जुलै 2005 च्या पुरात या शहराने काय केले ते आपण पाहिले आहे. अनोळखी माणसांना घरात घेतले, रस्त्यावर उभे राहून बिस्किटे आणि पाणी वाटले. त्या रात्री आपण उपकार करत होतो असे कोणाला वाटलेही नाही. आठवड्याभराने गाड्या सुरळीत झाल्या, आणि ज्यांची दुकाने, अंथरुणे, वह्या-पुस्तके सडली ते आपले आपण निस्तरू लागले. आपली माणुसकी पहिल्या रात्रीसाठी उत्तम आहे. प्रश्न दहाव्या महिन्याचा असतो.

लाहायनाच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रापलीकडे मोलोकाई बेट दिसते. संत दामियन यांचे ते मोलोकाई. कुष्ठरोग्यांना जबरदस्तीने नेऊन सोडण्याचे ते ठिकाण. 1873 साली ते तिथे गेले, त्यांच्यात राहिले, त्यांच्यासाठी घरे बांधली, शवपेट्या केल्या, जखमा बांधल्या, आणि 15 एप्रिल 1889 रोजी त्याच रोगाने वारले. 2009 साली ते संत म्हणून घोषित झाले. ते प्रवचनात 'तुम्ही कुष्ठरोगी' असे न म्हणता 'आम्ही कुष्ठरोगी' म्हणत, अशी त्यांची आठवण सांगितली जाते. सगळ्यांनी दामियन व्हावे असे आम्ही सांगत नाही, आम्हालाही ते झेपणारे नाही. पण मदतीच्या बैठकीत आपण जळितग्रस्तांबद्दल बोलताना 'ते' आणि 'त्यांना' किती वेळा म्हणतो हे एकदा मोजून पाहावे.

मग 'देवाने वाचवले' असे म्हणूच नये का? आम्हाला वाटते, म्हणावे. कृतज्ञता दाबून टाकल्याने शेजारणीचे दु:ख कमी होत नाही. पण ते चर्चमध्ये, एकांतात म्हणावे, आणि तिच्या दारात जाताना ते वाक्य तोंडात नसावे, हातात काही असावे. 14 एप्रिल 1944 नंतरचा रविवार 16 तारखेला होता. पास्काच्या पुढच्या रविवारी तेव्हाही, आजच्यासारखेच, तोमाचे शुभवर्तमान वाचले जात असे. गोदीकडे अजून आग धुमसत होती, आणि शहरातल्या प्रत्येक वेदीवरून पुनरुत्थित प्रभू शिष्यांना आपल्या हातांवरच्या जखमा दाखवत असल्याचे वाचले जात होते. मरणातून उठलेल्याने जखमा पुसून टाकल्या नव्हत्या. तोमाला त्याने बोट तिथेच घालायला सांगितले.

येत्या 14 एप्रिलला भायखळ्याला त्या 66 जणांना मानवंदना दिली जाईल. त्या दिवशीच्या आपल्या मिस्सेचा उद्देश कोणी लिहून ठेवणार असेल तर कार्यालयात वही ठेवलेली आहे. नावाच्या रकान्यात काय लिहायचे असा प्रश्न पडेल. 'गोदीच्या आगीतले, ज्यांची नावे कोणी लिहून घेतली नाहीत ते' असे लिहिले तरी चालते. रकाना लहान आहे, पण दोन ओळींत बसते.